पणजीच्या नावाची साक्ष

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला रामकुंडावर गेलो. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारले, तालुका विचारला, मुरबाडकडची वही काढली आणि नवी नोंद करायला घेतली. गेलेल्यांचे वडील कोण, त्यांचे वडील कोण, त्यांचेही वडील कोण? तिन्ही नावे काकांनी एका दमात सांगितली. "गेलेल्यांची आई?" तेही सांगितले. "तिची सासू?" आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. घाटावर आमच्या घरची अकरा माणसे उभी होती. जिच्या पोटी आमचा सगळा गोतावळा जन्मला त्या पणजीचे नाव अकरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. उपाध्यायांनी थोडा वेळ वाट पाहिली, त्या जागी एक आडवी रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.

परतताना कसारा घाटात मी काकांना पुन्हा विचारले. ते म्हणाले, "अरे, तिला सगळी बायच म्हणायची. नावानं हाक मारणारं होतंच कोण तिला?" माहेरी हाक मारणारे मागे राहिले आणि सासरी ती कोणाची तरी सून, कोणाची बायको, कोणाची आई झाली. नाव वापरातून गेले, वापरातून गेले म्हणून आठवणीतून गेले आणि कागदावर तर ते कधी आलेच नव्हते. त्या आडव्या रेघेने मला शोधाला लावले. तीन वर्षे हा शोध घेताना माझी एक समजूत पार बदलली. वंशावळ म्हणजे रक्ताचा हिशेब असे मी मानत होतो. आता मला वाटते की वंशावळ ही साक्षींची गुंफण आहे. कोणीतरी पाहिलेले असते, कोणीतरी लिहिलेले असते, कोणीतरी ते वाचून सांगतो आणि कोणीतरी त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून कोणत्याही वंशावळीसमोर दोन प्रश्न विचारले पाहिजेत: साक्ष कोणाची घेतली आणि कोणाची घेतलीच नाही? शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत या प्रश्नांवर पोरांचे शिक्षण, घराची जमीन आणि जंगलावरचा हक्क अवलंबून आहे.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका कुणबी घरातला. शोध घ्यायचा म्हणजे कागदांकडे जायचे, एवढेच मला कळत होते. पहिला कागद सातबारा, त्याच्यामागे फेरफार. १९०३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते फेरफारात उतरत आले. ठाणे जिल्ह्यातले असे बरेच जुने कागद आता शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. कल्याणच्या घरी बसून मी पणजोबांच्या वडिलांपर्यंत पोचलो. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कुळाची जमीन आमच्या नावावर कशी लागली ते दिसले. 'मयत, वारस मुलगे तीन' अशा ओळी दिसल्या. मुली नव्हत्या. बायका कुठे असल्याच तर 'विधवा' या शब्दाला चिकटून होत्या.

दुसरा कागद गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. गावातल्या जन्म-मृत्यूची ही नोंदवही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कापडात बांधून ठेवलेली असते. पाने पापडासारखी झालेली, कडा हाताला लागल्या तरी तुटतात. या पानांवर बापाचे नाव असते, जात असते, मूल मुलगा की मुलगी ते असते. मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. आईचे नाव मला शोधूनही सापडले नाही. १९१८ सालाची पाने उलटताना हात जड झाला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप असे एकाखाली एक लिहिलेले. ज्याला आपल्याकडे मानमोडीचा ताप म्हणत त्या इन्फ्लुएन्झाने त्या वर्षी देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आमच्या गावच्या पानांवर त्यांतली काही आपापल्या बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने निजलेली आहेत.

आणि हे सगळे अर्धे बाळबोध, अर्धे मोडी. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे टांगतात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. माझ्या आजोबांना मोडी येत होती, वडिलांना येत नव्हती, मला तर ती परक्या देशाची लिपी वाटली. दोन पिढ्यांत आम्ही आमच्याच कागदांना निरक्षर झालो.

इथे मला अनोळखी माणसांनी हात दिला. नकला मिळवून मी त्यांची छायाचित्रे मोडी वाचणाऱ्यांच्या एका मोबाइल-गटावर टाकली. रात्री दहापर्यंत चार जणांची उत्तरे आली: साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक, पुण्यातली एक विद्यार्थिनी, नागपूरचे एक बँक कर्मचारी आणि दुबईत नोकरी करणारा एक रत्नागिरीकर. जातीच्या रकान्यातल्या एका संक्षिप्त अक्षरावरून त्यांच्यात दोन दिवस चर्चा चालली. शिक्षकांना ते 'को' वाटत होते. मुलीने लिहिले, "सर, ती मात्रा नाही, वरच्या रेघेची शाई पसरली आहे. याच हातानं दुसऱ्या पानावर लिहिलेला 'कु' बघा." त्यांनी दुसरे पान पाहिले आणि लिहिले, "बरोबर, माझी चूक झाली." एका पसरलेल्या शाईवर एखादे घर कुणबी ठरते की कोळी, आणि तो निवाडा माझ्याशी रक्ताचे काहीही नाते नसलेली दोन माणसे इतक्या प्रामाणिकपणे करत होती. मला त्या क्षणी भाऊबंद या शब्दाचा नवा अर्थ कळला.

आपल्याकडे वंश लक्षात ठेवणे हे काम कधीच एकट्या घराचे नव्हते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय पिढ्यानपिढ्या वह्या सांभाळत आले. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात हेळवी दारोदार फिरून घरच्यांना त्यांच्याच पूर्वजांची नावे वाचून दाखवतात. विसाव्या शतकात कोकणातल्या अनेक ब्राह्मण घराण्यांनी पत्रे पाठवून, गावोगाव फिरून माहिती जमवली आणि जाडजूड कुलवृत्तांत छापले. आमच्या भागात पौषातली म्हशाची जत्रा हेच काम करायची. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, म्हसोबाचे दर्शन आणि त्या गर्दीत सोयऱ्यांची भेट. कोणाची लेक कुठे दिली, कोण मुंबईला गिरणीत गेला, कोणाचे घर ओस पडले ही बातमी तिथून गावोगाव जायची. ज्यांच्याकडे लिहायची सोय होती त्यांची स्मृती ग्रंथ झाली, ज्यांच्याकडे नव्हती त्यांची स्मृती जत्रेच्या धुळीत राहिली. आज मोबाइलवरचे गट या दोन्ही रीतींचे वारसदार आहेत. तिथे वृत्तांतकाराची चिकाटी आहे आणि जत्रेतली मोकळीकही आहे.

पण पुण्यातल्या एखाद्या घराने कुलवृत्तांत चाळणे आणि डोळखांबच्या रानातल्या एखाद्या ठाकूर घराने पणजोबाचा दाखला शोधणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या घराला पूर्वज सापडले नाहीत तर हळहळ वाटेल. दुसऱ्या घराच्या मुलीचा प्रवेश जाईल.

जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी आपल्याकडे ठरलेल्या तारखा आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा, आपल्या बापाच्या बाजूच्या पूर्वजाचा, जात लिहिलेला कागद दाखवायचा आणि त्या पूर्वजापासून आपल्यापर्यंत वंशावळ शपथेवर जोडायची. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा लुटल्या जात होत्या हे खरे. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची चौकट घालून दिली ती त्याचसाठी, आणि महाराष्ट्राने पुढे त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. पडताळणी हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती साक्षीच्या प्रकाराबद्दल.

सर्वांत भरवशाचा कागद कोणता मानतात? स्वातंत्र्याआधीचा किंवा त्या सुमाराचा शाळेचा दाखला. आता आकडे पाहा. १९५१च्या जनगणनेत देशात साक्षर होते १८.३३ टक्के, स्त्रियांत ८.८६ टक्के. दहा वर्षांनी, १९६१ साली, अनुसूचित जमातींत साक्षरता ८.५३ टक्के आणि त्यांच्यातल्या स्त्रियांत ३.१६ टक्के होती. म्हणजे ज्यांच्या आज्यापणज्यांना शाळेचे दारच दिसले नाही त्यांच्याकडे आपण शाळेचे रजिस्टर मागतो. जो जितका वंचित, त्याच्याकडे आपल्या वंचितपणाचा पुरावा तितका कमी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आणि पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या कातकरी कुटुंबाचे मूल भिवंडीच्या भट्टीवर जन्मते, शहापूरच्या वाडीत वाढते आणि दोन्हीकडच्या दप्तरांत निसटते. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत धरलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी कातकरी ही एक. तिच्या पणतवंडांना पन्नास साली कोण कुठे होते हे कागदाने सिद्ध करा म्हणणे म्हणजे आधी दिवा विझवायचा आणि मग अंधारात का बसलास असे विचारायचे.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्रातल्या आदिवासी ठाकूर समाजाच्या संघटनेने नेलेले होते. दाखला मागणाऱ्याला त्याच्या जमातीच्या चालीरीती, देवदेवता, लग्नाचे विधी विचारून तो खरा की खोटा हे ठरवायची जी आप्तभाव चाचणी घेतली जाते, ती एकमेव कसोटी ठरू शकत नाही असे न्यायालयाने सांगितले. कल्याणच्या चाळीत वाढलेल्या ठाकूर मुलाला रानातली रीत पाठ नसेल, म्हणून त्याचा आजा ठाकूर नव्हता असे होत नाही. निकाल योग्यच आहे. पण त्याने जुन्या कागदाचे वजन आणखी वाढले, आणि ज्याच्याकडे कागदच नाही त्याचा प्रश्न तसाच उरला.

उत्तर आपल्याच दुसऱ्या एका कायद्यात आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींनी १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्या जंगलात राहिल्याचे दाखवावे लागते. अट कठोर आहे. पण त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात जुन्या नोंदींतल्या व्यक्तीपर्यंत पोचणारी वंशावळ हा पुरावा धरला आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्षही धरली आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण कायद्याने पुरावा मानली. दावा आधी ग्रामसभेसमोर येतो, म्हणजे जे एकमेकांना ओळखतात त्यांच्यासमोर. एका कायद्याला जे शहाणपण सुचले ते दुसऱ्याच्या अंमलात का उतरू नये? शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधली काही गावेही आहेत. तिथल्या ग्रामसभांनी वाडीवस्तीवरच्या वृद्धांना बसवून घरागणिक वंशनोंदी लिहून काढाव्यात, त्या वाचून दाखवाव्यात, हरकती घ्याव्यात आणि शासनाने त्यांना पुराव्यातले स्थान द्यावे. खोटे बोलणे शंभर ओळखीच्या डोळ्यांसमोर जितके अवघड असते तितके शपथपत्रावर नसते.

कागद शोधण्याचे ओझे उचलायची सरकारची तयारी असली की काय घडते हेही आपण पाहिले आहे. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली. महसूल, शाळा, तुरुंग, भूमी अभिलेख अशी सगळी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत मागणी आली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे जाहीर झाले. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली: दप्तर उघडायचे ठरवले तर उघडता येते. जे संख्येने मोठे आणि संघटित आहेत त्यांच्यासाठी ते उघडले. कातकरी वाडीसाठीही तसेच उघडले पाहिजे, मोर्चा निघायची वाट न पाहता.

वंशावळीचा दुसरा व्यवहार जमिनीचा. मुंबईची तहान भागवायला तानसा धरण १८९२ साली बांधले गेले, १९५७ साली मोडकसागर, त्यानंतर भातसा, मध्य वैतरणा. शहापूरच्या दऱ्याखोऱ्यांतली शेते आणि घरे पाण्याखाली गेली. नुकताच समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. जमीन गेली की मोबदला येतो, मोबदला आला की वारस ठरवावे लागतात आणि मग वंशावळ तयार होते. या वंशावळींत पहिली कात्री कोणावर चालते? बहिणींवर. कुठे 'मुली नाहीत' असे लिहून टाकतात, कुठे हक्कसोड पत्रावर सही घेऊन साडीचोळीत वाटेला लावतात. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, २००५ साली तो देशभर आला आणि ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. तरी घरच्या वंशावळीत मुलीची फांदी काढली नाही तर हक्काला उगवायला जागाच राहत नाही. झाडाचे चित्र काढणारा हात निष्पाप नसतो. ज्याची फांदी काढली नाही त्याचा वाटाही कापला जातो.

आणि नुकसान फक्त वाट्याचे नसते, माहितीचेही होते. बापाकडून मुलाकडे एवढीच वाट धरली की प्रत्येक पिढीला अर्धी माणसे मागे टाकली जातात. मागे टाकलेल्यांबरोबर त्यांना ठाऊक असलेले सगळेच जाते. माझ्या शोधाची खरी गाठ इथेच होती, आणि ती मला फार उशिरा कळली.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो माझ्याही मनात अनेकदा आला. वंश शोधणे म्हणजे जात घट्ट करणे नव्हे काय? इतिहास हा आक्षेप खोटा ठरवू देत नाही. स्वतःच्या पराक्रमावर राज्य उभे करणाऱ्या शिवछत्रपतींसमोरही १६७४च्या राज्याभिषेकाआधी कुळाचा प्रश्न उभा केला गेला आणि वंशाचा दाखला जोडावा लागला. सव्वादोनशे वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांना वेदोक्त प्रकरणात तोच प्रश्न पुन्हा सोसावा लागला. वंशावळ ही नेहमी वरच्याने खालच्याला विचारायची गोष्ट राहिली आहे. आजही समाजमाध्यमांवर अमुक राजकुळाशी नाते जोडून देणारे, आडनाव सांगताच शौर्यगाथा देणारे खूप आहेत. त्यांच्या कामाला मी संशोधन म्हणत नाही. ज्यात फक्त राजे आणि सरदार सापडतात, कर्जात बुडालेला कूळकरी सापडत नाही, सोडून दिलेली बायको सापडत नाही, ती वंशावळ खरी असूच शकत नाही.

पण यावरचा उपाय विसरणे हा नाही. जो विसरतो त्याचा भूतकाळ दुसरा कोणीतरी लिहितो. मनापासून शोधणाऱ्याला उलटाच अनुभव येतो. मला कागदांत सापडले ते असे: आमचे घर पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची जमीन कसत होते, आमच्या शेजारची ठाकूरवाडी आमच्या आधीपासून तिथे होती आणि आमच्या एका खाचराच्या जुन्या नोंदीत एका कातकऱ्याचे नाव होते जे पुढच्या नोंदीत नाही. ते नाव का गेले हे कागद सांगत नाही. पण ते वाचल्यावर माझ्या मनात अभिमान आला नाही, ऋण आले. नीट वाचलेली वंशावळ माणसाला नम्र करते, कारण ती आपल्याला आपल्या घराबाहेर नेते.

म्हणूनच हे काम करणाऱ्यांवर जबाबदारी आहे. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करत होते. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. कागद आहे तसा छापायचा, आपल्याला हवा तसा नाही, ही शिस्त तेव्हापासून मराठी संशोधनाची पुण्याई आहे. मोबाइलवर मोडी वाचून देणाऱ्या प्रत्येकाने ती पाळली पाहिजे. समोरच्याला दाखला हवा आहे म्हणून 'को'चा 'कु' करायचा नाही. अक्षर लागत नसेल तर लागत नाही असे लिहायचे. नोंद मूळ छायाचित्रासह, गाव, साल आणि पानाच्या क्रमांकासह ठेवायची. एकाने वाचले की दुसऱ्याने तपासायचे. हयात माणसांची नावे, जन्मतारखा, पत्ते गटावर टाकायचे नाहीत, कारण मेलेल्यांचा शोध घेताना जिवंतांना उघडे पाडायचा अधिकार कोणाला नाही. लाळेची नळी परदेशी पाठवून वंश सांगणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहायचे. त्या दूरच्या प्रदेशांचे टक्के सांगतील, पण कोतवाल बुकातल्या ओळीतला माणूस कोण हे सांगणार नाहीत. आणि आपण दिलेली माहिती आपल्या भावंडांचीही असते, त्यांना न विचारता दिलेली.

सरकारनेही आपला वाटा उचलावा. सातबारा-फेरफार स्कॅन झाले तसे गाव नमुना १४ आणि जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे स्कॅन करावीत, पाने आणखी चुरा होण्याआधी. जुन्या कागदांत शहापूर तालुका कोलवण नावाने येतो, मोखाडा एकेकाळी त्याचाच पेठा होता, आणि २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर मोखाड्याचे दप्तर त्या जिल्ह्यात गेले. हे ठाऊक नसलेला माणूस चुकीच्या कचेरीत चार खेपा घालतो आणि चार दिवसांची मजुरी घालवतो. प्रत्येक तालुक्यात कोणते दप्तर कुठे आहे याचा एक साधा तक्ता भिंतीवर लावायला कितीसा खर्च येतो? तालुक्याच्या महाविद्यालयांत मोडीचे वर्ग चालवावेत, म्हणजे शहापूरच्या पोरीला आपल्याच आजोबाचा कागद वाचून घ्यायला साताऱ्याच्या सरांची वाट पाहावी लागणार नाही, आणि तीच उद्या दुसऱ्या कोणाचा तरी कागद वाचून देईल.

मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट वर चढते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या एका राणीने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या घरच्या माणसांच्या मूर्ती कोरून घेतल्या आणि प्रत्येकीवर ब्राह्मीत नाव लिहून घेतले. राजा सिमुक, देवी नायनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी. मूर्ती आता गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नावे मात्र अजून वाचता येतात. आमच्या मुलखातली ही सर्वांत जुनी घरची नोंद आणि तिच्यात बाईचे नाव आहे, कारण नोंद करवणारी बाई होती. वर जाऊन ती अक्षरे पाहताना मला एकच गोष्ट जाणवली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीचे नाव मला ठाऊक होते. शंभर वर्षांपूर्वीच्या पणजीचे नव्हते.

ते अखेर सापडले, पण कोणत्याही कागदात नाही. गटावर मी शेवटचा प्रश्न टाकला होता: आमच्या गावची लेक किन्हवलीच्या बाजूला कोणाच्या घरी दिली होती काय? आजोबांना एक बहीण होती एवढे काकांना आठवत होते. वंशावळीच्या माझ्या चित्रात तिची फांदी नव्हतीच, मीही ती काढली नव्हती. आठवड्याने शहापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा फोन आला. "दादा, आमच्या आजीचं आजोळ तुमच्या गावचं. तुम्ही येऊन जा." आजी नव्वदीच्या घरात, ओसरीवर घोंगडीत बसलेली. मी पणजीबद्दल विचारले तर तिने क्षणभरही न थांबता नाव सांगितले. कसे आठवते, विचारले. म्हणाली, तिची आई पहाटे जात्यावर बसली की ओवीत आपल्या आईचे नाव घ्यायची. माहेरच्या आठवणीची ओवी रोज, दळण संपेपर्यंत. जात्यावरच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या. शाळेने, तलाठ्याने, फेरफाराने जिची नोंद घेतली नाही ती बाई त्या ओव्यांत नावासकट आहे. आमच्या घरची नोंदवही जात्यात होती आणि ती आमच्या मुलाकडे नव्हे, आमच्या लेकीकडे गेली होती.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव सक्तीचे केले आहे. उद्याच्या पणतवंडांना माझ्यासारखे घाटावर गप्प राहावे लागणार नाही. पण मागच्या चार पिढ्यांतल्या बायकांची नावे अजून कुठल्या तरी ओसरीवर, कुठल्या तरी नव्वदीच्या आजीच्या ओठांवर आहेत आणि ती फार दिवस तिथे थांबणार नाहीत. आज रात्री फोन उचला. आत्याला विचारा, मावशीला विचारा, ज्या घरी आपली लेक दिली त्या घरी विचारा.

तिसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला आम्ही पुन्हा नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांनी तीच वही काढली, तेच पान उघडले. आडव्या रेघेच्या वर थोडी जागा होती, त्यांनी तिथे बारीक अक्षरात नाव लिहिले. खाली मी सही केली. मग वही माझ्या मुलीपुढे सरकवली आणि तिने माझ्या सहीखाली आपली सही केली, पूर्ण नावाने, आईच्या नावासकट.